शॉर्ट बॉटल बसवली आणि बुलेटचा घाटातला दम गेला

गाडी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची. १९९४ ची बुलेट ३५०. ओतीव लोखंडाचं सिलिंडर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, गिअर उजव्या पायात, पॉइंटचं इग्निशन (बारीक संपर्क उघडले की ठिणगी पडते ते) आणि २४ मिलिमीटरचा मिककार्ब कार्ब्युरेटर. वडिलांनी शोरूममधून नवी घेतलेली, आता मुलगा चालवतो. मूळचा लांब सायलेन्सर खालच्या बाजूने सडला होता. गाडी वर्षानुवर्षं घर ते मळा आणि मळा ते घर एवढीच फिरली, त्याचा हा परिणाम. एवढ्या पल्ल्यात सायलेन्सर पुरता तापतच नाही. पेट्रोल जळताना तयार झालेली वाफ आत थंड होऊन पाणी साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

मुलाने शहरातून शॉर्ट बॉटल, म्हणजे बाटलीसारखा आखूड सायलेन्सर, आणि हेडपासून सायलेन्सरपर्यंत जाणारा क्रोमचा नवा बेंड पाइप घेतला आणि एका गॅरेजमधून बसवून घेतला. महिनाभराने गाडी नाशिकमधल्या आमच्या सातपूरच्या गॅरेजात आली. तक्रार त्याच्याच शब्दांत सांगायची तर, "काका, आवाज तं भारी आहे, पण चढाला गाडी दम टाकते. उतारावर नुसते फटाके. आणि गरम झाली की किक उलटी मारते." बेंड पाइप हेडपासून पहिल्या वळणाच्या पुढेपर्यंत गर्द निळा पडला होता, ते त्याने सांगायची गरज नव्हती.

मधल्या काळात दोन उपाय होऊन गेले होते. विकणाऱ्याने सांगितलं, "पाचशे किलोमीटर चालू द्या, सेट होईल." दुसऱ्या एका मेकॅनिकने कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू जवळजवळ पूर्ण आत फिरवून ठेवला. मिककार्बमध्ये हा स्क्रू हवेच्या बाजूचा असतो, म्हणजे आत फिरवला की मिश्रण दाट होतं, हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. त्याने गावात फिरताना प्लग काळा पडू लागला आणि घाटातला दम होता तसाच राहिला. हा स्क्रू फक्त आयडलिंग आणि जेमतेम उघडलेल्या थ्रॉटलपुरता असतो. चढावर पूर्ण मूठ पिळल्यावर त्याला काही विचारत नाही.

आमचे मिस्त्री कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची (पुशरॉडची) ढिलाई, आणि पॉइंट बघतात. यावर तरुण गिऱ्हाईक कंटाळतं, पण पद्धत योग्य आहे. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि मग फटाके, निळा पाइप, गेलेला दम ही सगळी लक्षणं एकट्या त्यानेच दिसू शकतात. बुलेटचं माप सोपं आहे: इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. या गाडीचा एक्झॉस्टचा रॉड जरा जड फिरत होता, तो मोकळा केला. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी, ती बरीच जास्त होती. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी वेळेआधी पडते. गरम इंजिनात किक उलटी मारण्याचं निम्मं कारण तिथेच सापडलं. प्लगच्या भोकातून पिस्टनची जागा पाहून टायमिंग ०.८ मिलिमीटरवर आणलं, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायला तेवढं अंतर असताना ठिणगी पडावी, पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरून तो सुटतो कधी हे बघत. किकची तक्रार तिथे बरीचशी मिटली. फटाके मात्र जागच्या जागी.

मग हेडकडे वळलो.

या जुन्या बुलेटला बेंड पाइप हेडवर बोल्टने आवळलेला नसतो, तो पोर्टमध्ये नुसता खोचलेला असतो. खाली एक ब्रॅकेट आणि मागे सायलेन्सरचा ब्रॅकेट, एवढ्यावर सगळं लटकतं. पाइप लोखंडाचा, पोर्ट अ‍ॅल्युमिनियमचं, आणि वर एका मोठ्या पिस्टनचा धक्का. तीस वर्षांत उखळात मुसळ चालावं तसा पाइप त्या भोकात हलत राहतो आणि भोक मोठं होतं, तेही गोल नव्हे, लंबगोल. जुना पाइप त्याच्यासोबत झिजलेला असतो आणि दोघांमध्ये काजळी घट्ट भरलेली असते, म्हणून गळती जाणवत नाही. नवा पाइप कारखान्याच्या मापाचा येतो आणि झिजलेल्या भोकात खुळखुळतो.

इथे तेच झालं होतं. पाइप हेडमध्ये शिरतो त्याच्या खालच्या अंगाला, सर्वात जवळच्या दोन फिन्सवर (हेड थंड ठेवणाऱ्या पात्यांवर) काळ्या काजळीचा एक पसरट डाग होता. बोट फिरवलं तर कोरडी, मऊ काजळी. तेल गळत असतं तर चिकट लागलं असतं. पाइपभोवती कोणीतरी इपॉक्सी लांबी थापली होती. ती ठिसूळ होऊन निम्मी पडली होती, उरलेली नखाने निघाली. लांबी पाण्याच्या टाकीच्या गळतीला चांगली, पण एक्झॉस्टच्या तोंडाशी जी उष्णता असते तिच्यापुढे ती टिकायची नाही. पाइप उपसून कॅलिपर लावला तर उभ्या मापात सव्वा मिलिमीटरच्या आसपास फट होती, आडव्यात जेमतेम अर्धा.

"काका, फटीतून धूर बाहेर येईल, पण त्याने इंजिनाला काय होतं?" त्याचा प्रश्न रास्त होता. बाहेर येणाऱ्या धुराने फारसं काही होत नाही, अडचण आत जाणाऱ्या हवेची आहे. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात नळीतला दाब सलग नसतो. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून पळते, मोकळ्या तोंडाशी पोचली की उलटी फिरते, आणि परतताना ओढ घेऊन येते. त्या क्षणी पोर्टजवळचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. फट असली की बाहेरची ताजी हवा आत खेचली जाते. उतारावर मूठ सोडलेली असताना सिलिंडरमधलं मिश्रण नीट पेटत नाही आणि न जळालेलं पेट्रोल नळीत उतरतं. तिथे त्याला हवा मिळते, नळी तापलेली असतेच, आणि फट्ट.

उपाय लेथचा होता. पोर्ट बोअर करून त्यात बुश, म्हणजे नवं कडं, बसवणं हे पक्कं काम, पण त्यासाठी हेड उतरवावं लागतं आणि ऐन छाटणीच्या हंगामात मालकाला गाडी चार दिवस सोडायची नव्हती. म्हणून दुसरा मार्ग घेतला. अंबडच्या एका लेथवाल्याकडून स्टेनलेसची पातळ रिंग करून घेतली, पाइपच्या टोकावर वेल्डिंगच्या टॅकने बसवली आणि बाहेरून किंचित टेपर (निमुळता उतार) दिला. टोक पोर्टमध्ये जाताना शेवटच्या काही मिलिमीटरला घट्ट बसावं, एवढाच टेपर. भोक लंबगोल असल्यामुळे दोन बाजूंना बारीक फट उरणारच होती. तिथे एक्झॉस्टची सिमेंटसारखी पेस्ट भरली. ती तापून कडक होते आणि तिचं काम ही उरलीसुरली फट भरण्याचं आहे, सव्वा मिलिमीटरचा खड्डा बुजवण्याचं नाही. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळायची युक्ती महामार्गावर अडलेल्या माणसाला घरी पोचवते. कायमची तीच ठेवणारे लोक मला दिसतात आणि त्यांच्या गाड्याही ऐकू येतात.

जोडणीचा क्रम हा या प्रकरणातला माझ्या मते सर्वात दुर्लक्षित भाग आहे. आधीच्या गॅरेजात सायलेन्सर मागच्या ब्रॅकेटला आधी आवळला होता आणि मग बेंड पाइप ताणून हेडमध्ये घातला होता. शॉर्ट बॉटलचा ब्रॅकेट फ्रेमपासून बोटभर लांब राहत होता, तो बोल्टने ओढून जवळ आणला. गाडी उभी असताना हे दिसत नाही. चालताना तो ताण पाइपला हेडमधून बाहेर ओढत राहतो, आणि पाइप निघाला नाही तर ब्रॅकेटचं वेल्डिंग तडकतं. या गाडीच्या ब्रॅकेटच्या टोकाशी केसासारखी तडा पडायला सुरुवात झालेली होती. आम्ही सगळे बोल्ट ढिले ठेवून पाइप हेडमध्ये रबरी हातोड्याने ठोकून बसवला, मग खालचा ब्रॅकेट, मग पाइप आणि सायलेन्सरची क्लॅम्प, आणि सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट. तिथली फट जाड वॉशर आणि पाइपच्या तुकड्याने भरली. बोल्ट हाताने सरळ शिरला पाहिजे. पाना लावून ओढावा लागत असेल तर काहीतरी वाकडं आहे. किक पूर्ण खाली मारून पाहिली, मधला स्टँड वर-खाली केला, मागे माणूस बसवून शॉक दाबले. किकचा दांडा पाइपला एका ठिकाणी अगदी चाटून जात होता, क्लॅम्प थोडी फिरवून तो मोकळा केला.

गाडी सुरू करून थंड असतानाच मागचं तोंड ओल्या जाड फडक्याने क्षणभर दाबून धरलं. हेडजवळ फुस्स आवाज नाही आणि इंजिन गुदमरू लागलं, म्हणजे सांधा पक्का. फटाके पाऊण कमी झाले.

पाऊणच. उरलेला पाव आणि घाटातला दम यांचं कारण वेगळं होतं.

बुलेटवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच. मला ते पटत नाही. कुठल्याही इंजिनाला मागून अडवलेलं आवडत नाही. खरी गोष्ट अशी की कारखान्याने कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) त्या लांब, अडवणाऱ्या सायलेन्सरला धरून निवडलेले असतात. सायलेन्सर मोकळा केला की जळालेला वायू जास्त सहज बाहेर जातो आणि आत थोडी जास्त ताजी हवा भरते. जेट मात्र तेच, म्हणून मिश्रण पातळ होतं. लोक त्याला ‘बॅक प्रेशर गेलं’ म्हणतात. मोठा जेट टाकला की गेलेलं बॅक प्रेशर परत येतं, यातच काय ते समजावं.

त्यात आता पेट्रोलही बदललं आहे. १९९४ मध्ये या कार्ब्युरेटरला इथेनॉल माहीत नव्हतं. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला त्यामुळे हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला ते जास्त सोडावं लागतं. जुन्या जेटवर ही गाडी सायलेन्सर बदलण्याआधीच थोडी पातळ चालत असणार. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा जराशी विरळ, त्यामुळे थोडी भरपाई होते. पुरेशी नाही. मोकळ्या सायलेन्सरने ती काठावरची गाडी काठाखाली ढकलली.

पातळ मिश्रण पाण्याने थंड होणाऱ्या गाडीलाही वाईटच, पण तिथे रेडिएटर थोडी गय करतो. इथे थंड करायला फिन्स, वारा, तेल आणि थोडं जास्तीचं पेट्रोल एवढंच आहे. पेट्रोलची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते, म्हणून अशा इंजिनात पूर्ण भारावर मिश्रण मुद्दाम जरा दाट ठेवतात. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर वारा कमी आणि भार पूर्ण. तिथे मिश्रण पातळ पडलं की पिस्टन फुगून सिलिंडरला घासू लागतो. ‘दम टाकते’ ही तक्रार म्हणजे पुष्कळदा पिस्टन चिकटण्याच्या आधीची पायरी असते. तेव्हा मूठ सोडून बाजूला उभं राहावं. अजून पिळू नये.

मोजमाप प्लगवरूनच केलं: काळा तर मिश्रण दाट, पांढरा तर पातळ, चॉकलेटी तर बरोबर. मुठीवर आणि स्विचच्या घरावर पांढरी टेप लावून पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या, कारण चालवणाऱ्याला ‘अर्धी मूठ’ वाटते ती बहुतेक वेळा पाव असते. त्र्यंबक रस्त्यावर सकाळी लवकर, गर्दी नसताना, एका खुणेवर काही अंतर गाडी ठेवायची, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. बंद करून रमतगमत आयडलिंगवर बाजूला आलात तर प्लग आयडलिंगची गोष्ट सांगतो. पावपर्यंत पायलट जेट, स्क्रू आणि स्लाइड, पाव ते पाऊण नीडल (मुठीसोबत वर-खाली होणारी सुई), त्याच्यावर मेन जेट, हे वाटप डोक्यात असलं की कुठे हात घालायचा ते कळतं. इथे अर्ध्या खुणेवर प्लग फिकट राखाडी आणि पूर्ण मुठीवर जवळजवळ पांढरा. आयडलिंगला मात्र काळा, कारण तो फिरवलेला स्क्रू.

स्क्रू मूळ जागी, म्हणजे पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर आणला. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, त्याने नीडल वर उचलली जाते. मेन जेट आधी एका नंबरने वाढवला, मग दोनने. बाजारात जेट घेताना एक गोष्ट बघावी: काही दुकानांत जुनाच जेट तारेने कोरून मोठा केलेला मिळतो, वर नंबर जुनाच. उजेडासमोर धरून भोकाची कड पाहा, ओरखडे दिसले तर परत द्या. दोन नंबर वरच्या जेटवर पूर्ण मुठीचा प्लग चॉकलेटी आला आणि चढावर इंजिनाचा खणखणाट थांबला.

आणि मग मालकाने डीबी किलर काढून टाकला.

म्हणजे झालं असं, की शॉर्ट बॉटलच्या तोंडात आवाज कमी करणारी नळी बसवायची सोय होती, ती आम्ही ट्यूनिंगच्या आधी बसवायला लावली होती. चाचणीनंतर त्याने ती हौसेने काढली आणि दुसऱ्या दिवशी फोन: "काका, फटाके परत." साहजिक आहे. नळी काढली की सायलेन्सर आणखी मोकळा आणि मिश्रण पुन्हा पातळ. जेट ज्या अवस्थेत ठरवला त्याच अवस्थेत गाडी चालवावी लागते. नळीशिवाय चालवायची असेल तर पुन्हा पहिल्यापासून जेट, आणि त्या वेळी आम्ही नाही म्हणालो. कारण तांत्रिक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सरबद्दलच आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधन आहे, आणि कलम १९०(२) खाली आवाज-धुराच्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, वर तीन महिने लायसन्सही जातं. आवाज कमी केला म्हणून बाहेरचा सायलेन्सर आपोआप कायदेशीर होत नाही, हेही त्याला स्पष्ट सांगितलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी पेठ रोडच्या आरटीओत दाखवावी लागते. याच्या गाडीची पुढची पाळी २०२९ मध्ये. तेव्हासाठी मूळ नमुन्याचा एक लांब सायलेन्सर घेऊन ठेवावा, आणि त्या दिवशी जेटही जुना लावावा, असा आमचा सल्ला आहे. नळी परत बसली.

पीयूसीची गंमत वेगळीच. सायलेन्सर बसवल्यावर पहिल्या महिन्यात, स्क्रू आत फिरवण्याआधी काढलेल्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. २००० सालाच्या आधीच्या दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के, म्हणजे उत्तम गुण, आणि मालक खूश. जुन्या कार्ब्युरेटरच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या इंजिनात एवढा कमी आकडा आला की मला शंका येते. एकतर मिश्रण पातळ आहे, नाहीतर फटीतून शिरलेल्या हवेने धूर पातळ झाला आहे. इथे दोन्ही होतं. सगळं झाल्यावर पुन्हा मोजलं तर आकडा अडीच टक्क्यांच्या घरात गेला, मर्यादेच्या बराच खाली आणि इंजिनाच्या दृष्टीने शहाणा. पीयूसीवाला म्हणाला, "भाऊ, आधी बरी होती की."

शेवटची चाचणी कसारा घाटात. घोटी, इगतपुरी, घाट उतरून कसारा आणि परत वर. उतरताना फटाक्यांची परीक्षा, चढताना दमाची. तापमान मोजायला इन्फ्रारेड गन वापरली. चकचकीत क्रोमवर किंवा उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ती चुकीचं, बहुधा कमी, तापमान दाखवते. म्हणून हेडच्या एका फिनवर काळ्या मॅट रंगाचा नाण्याएवढा ठिपका देऊन ठेवला होता आणि प्रत्येक वेळी तिथेच मोजलं. त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीच्या चढावर जेट बदलण्याआधी आणि नंतर घेतलेल्या मोजणीत वीसेक अंशांचा फरक पडला होता. घाट चढून वर आल्यावर कसाऱ्याच्या वळणांनंतरही आकडा तेवढ्यातच राहिला. उतरताना मूठ पूर्ण सोडल्यावर एखादा दबका फुसका ऐकू आला. शॉर्ट बॉटलवर तेवढा येतोच, त्यामागे लागण्यात अर्थ नाही.

ताकद किती वाढली, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हे १८ अश्वशक्तीचं, कमी कॉम्प्रेशनचं इंजिन आहे, समोर २४ मिलिमीटरचा कार्ब्युरेटर. नुसत्या सायलेन्सरने त्यात चालवणाऱ्याला कळेल एवढी भर पडत नाही. मिळतं काय, तर आवाज, हलकं वजन आणि दिसायला बरं. घाटात गाडी पूर्वीपेक्षा चांगली ओढते असं मालक म्हणतो, ते खरं आहे, पण त्याचं श्रेय टायमिंग, टॅपेट आणि जेट यांचं. लांब सायलेन्सर ठेवून हीच कामं केली असती तरी गाडी अशीच ओढली असती.

खर्चाचं बोलायचं तर लेथचं काम, जेट आणि पेस्ट मिळून सायलेन्सरच्या किमतीच्या चौथाईतही गेलं नाही. मजुरीत वेळ जास्त गेला, प्लग काढण्या-घालण्यात.

क्रोमचा निळा रंग गेला नाही, जाणारही नाही. पॉलिशने फिका होतो, एवढंच. तो वाढतो आहे का हे बघायला मालकाने त्याच्या कडेशी मार्करने रेघ मारून ठेवली आहे, ती आमची नव्हे, त्याची कल्पना. ब्रॅकेटची तडा वेल्ड करून त्याला आतून पट्टी दिली. पाइपच्या टोकावरची रिंग ही तात्पुरती सोय आहे. पोर्ट पुन्हा झिजेल तशी ती सैल होईल, म्हणून दर सर्व्हिसिंगला फिन्सवर काजळी दिसते का ते बघायचं आणि मागचा बोल्ट न ओढता शिरतो का ते तपासायचं. द्राक्षांचा हंगाम संपला की हेड उतरवून पोर्टमध्ये बुश बसवायचं ठरलं आहे.